लवन म्हणजे मीठ नव्हे

बाई, काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी भाकरी टाकल्या, पोरांना शाळेत हाकललं आणि इथं बांधावर, तुम्ही बसायच्या त्याच दगडावर येऊन बसले. सोबत पोरीची अर्धी भरलेली वही आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी माहेरी पत्र लिहायला बसले की तुम्ही शेजारी यायच्या. "काय लिवून राह्यली वं, सुमे?" म्हणून विचारायच्या. मी म्हणायची, काही नाही, खुशाली. आज विचारलं असतं तर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं असतं.

खाली लवन आहे. आषाढ संपत आला तरी तिच्यात घोटा बुडेल एवढंही पाणी नाही. दोन म्हशी चरून राहिल्या आहेत. तुम्ही काठच्या वाळूत हातानं उकरलेला झिरा तसाच आहे, वीतभर खोल, तळाचे खडे मोजून घ्यावेत असा. आल्याबरोबर पहिलं तेच पाहिलं. पाणी नितळ आहे. मग बसले.

तुमच्या घरात आले तेव्हा मी कोणाला मोजत नव्हते. पैनगंगेच्या पलीकडची, महाराष्ट्रातली, नववी पास, आणि इथं घरात सही करता येणारी बाई मी एकटी. तुम्ही थोरली जाऊ, पण तुमचा अंगठा. लग्नाला आठ दिवस झाले असतील. तुम्ही चुलीपुढून म्हणालात, "जाय वं, लवनीतून मूठभर सांबार घेऊन ये." सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला ठाऊक होतं, आमच्याकडेही तेच म्हणतात. पण लवन? शाळेत मी शिकले होते, लवण म्हणजे मीठ. मी तिथंच उभी राहून विचारलं, मिठातून सांबार कसं आणू? सासरे हसले, माझे मालक हसले, दारातली शेजारीणसुद्धा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ठासून सांगितलं, पुस्तकात लिहिलेलं आहे, लवण म्हणजे मीठच.

तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. हात झटकून उठलात. "असन वं," म्हणालात. "तुया पुस्तकात मीठ असन. आमच्या वावरात पानी हाय. चाल, दाखवतो तुले."

आमच्या माहेरी वाहत्या पाण्याला दोनच शब्द, नदी नाहीतर नाला. तुम्ही मला या बांधावर उभं केलं आणि बोटानं दाखवत गेलात. पावसानं वावरात रेघ पाडली ते ओघळ, ते एका पावसाचं लेकरू, दुसऱ्या पावसाला त्याचा पत्ता नाही. नाला म्हणजे मोठा माणूस, त्याला नाव असतं, त्याच्यावर पूल बांधतात, त्याला सगळे भितात. आणि या दोघांच्या मधली ती लवन. "जमीन जिथं लवते ना, वाकते, तिथून जाते ते लवन. तिले नाव नाई. अन् नाव नाई म्हून कोनी भेत नाई." मी नाक मुरडून विचारलं, एवढ्याशा पाण्याला भ्यायचं काऊन? तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे दोन बोटं मिटून उघडून दाखवली. "पापनी लवते का नाई? ते तशी येते. लवली का आली."

हा अर्थ तुम्ही मनानं जुळवला होता का खरंच शब्द तसा आहे, मला आजही सांगता येत नाही. मी शाळेतल्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले मीठ. मी घरी येऊन तुम्हाला ऐकवलं. तुम्ही म्हणालात, मास्तरले मन, पोत्यात भरून ने मंग. कितीक वर्षं आपण हे भांडलो. निकाल काही लागला नाही.

पण शब्द मात्र माझ्या तोंडी कधी बसला ते कळलंच नाही. वांगी लवनीतली चांगली, बी कमी. लवनीचं ओलं गवत म्हशीला घालू नको, पोट फुगते. कोणी दुपारी दिसलं नाही की लवनीत असेल, सावलीला. आपलं भांडण झालं की मी रुसून लवनीत जाऊन बसायची आणि तुम्ही तासाभरानं बांधावरून हाक मारायच्या, "आटपलं का रुसनं? चहा थंडा होऊन राह्यला." एवढी घरातली होती ती. भ्यायचं कोणी तिला?

तुम्ही भ्यायच्या. तुम्ही एकदा तिला येताना पाहिलं होतं. तुम्ही नव्या सून असतानाची गोष्ट, वर्षातून एकदा तरी सांगायच्याच. भर दुपार, लख्ख ऊन, इथं पावसाचा थेंब नाही. तुमचे मालक बैलगाडी लवनीत सोडून, बैल बाभळीला बांधून वर भाकर खायला आले होते. भाकरीचा दुसरा तुकडा तोंडात आणि खालून आवाज आला, कोणी दगडाची गाडी उलथवावी तसा. दोघं उठून पाहतात तर बाभळीचा शेंडा तेवढा दिसतो. गाडी नाही, बैल नाहीत. गुडघाभर खळग्यात दोन पुरुष पाणी, आणि वर ऊन. पाऊस पडला होता तो दक्षिणेला, डोंगरात. तुम्ही म्हणायच्या, "लवनीचं माहेर तिकडं हाय. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून काय होते? तिच्या माहेरचं पाहाव." त्या दिवशी सकाळी झिऱ्याचं पाणी गढूळलं होतं, हे तुम्हाला मागून आठवलं. आणि सकाळपासून तुमचा उजवा डोळा लवत होता. डोळ्यालाही लवणंच म्हणतात, हे तुम्ही मला दर वेळी बोट नाचवून सांगायच्या, म्हणजे पुस्तकावर तुमचा विजय. तुमचे मालक कितीतरी दिवस संध्याकाळी काठानं बैलांची नावं घेत फिरत होते म्हणे.

आता ती गोष्ट लिहिते, जी मी तुम्हाला सांगितली आणि सांगितलीही नाही.

मंडल ऑफिस, म्हणजे तहसीलच, नवीनच झालं होतं. गावाला घरांसाठी जागा मिळणार अशी बोलवा होती. तुम्ही बेल्याच्या बाजाराला मिरच्या घेऊन गेला होतात, मी एकटीच सांबार निंदत होते. जागा मोजायला एक साहेब आले, सोबत साखळी धरणारे दोघं. साहेबांच्या हातात निजामाच्या वेळचा जुना नकाशा, त्याच्यावरचं सगळं उर्दू. तो त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला आणि गुंडाळून ठेवला. मग माझ्याकडे पाहून तेलगूत विचारलं, "इक्कड वागु उंदा, अम्मा?"

आपल्या बोलीत वाघाचा वाग कधीच झालेला. मला वाटलं, शहरातला माणूस, जंगलाच्या जिल्ह्यात आलाय, वाघाला भिऊन राह्यला. मला हसू आलं. आणि मला तेलगूतला एक शब्द येत होता. बाजारात ऐकून ऐकून शिकलेला. तो दाखवायची हौस आली मला. मी मान हलवून म्हटलं, "लेदु." नाही. त्यांनी लवनीकडे, या गवताच्या खळग्याकडे हात करून परत विचारलं, "वागु लेदु?" मी अजून जोरात म्हटलं, "लेदु, लेदु. कधीच नाही." साहेब खूश झाले. त्यांनी कागदावर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पदराला हात पुसून झोकात सही केली. सुमन, पुढे मालकाचं नाव, पुढे आडनाव, खाली रेघ.

रात्रीच्या जेवणाची वाटसुद्धा पाहिली नाही मी. तुम्ही बाजारातून येऊन टोपली टेकवली नाही तोच सगळ्यांपुढे नक्कल करून दाखवली. साहेब वाघाला कसे भिले, मी कसं लेदु लेदु म्हटलं. घर हसून लोळलं. मला वाटलं मिठाची उसनवार फिटली. तुम्ही हसला नाहीत. तांब्या तोंडाला लावला होतात तो तसाच धरून ठेवलात. मी म्हटलं, बाईंना माझी सही सोसत नाही.

लवनीतल्या गायरानात खुंट्या पडल्या. सपाट, सोयीची, रस्त्याला लागून. चौदा घरं, नाव पडलं कॉलनी. जुनी माणसं म्हणाली, अरे ते लवन हाय. बाकीचे म्हणाले, मग काय झालं, घोटाभर पाणी तर येते, जोतं उंच घेऊ. त्यातलं एक घर आम्हाला मिळालं. माझे मालक वेगळं निघायचं म्हणत होतेच.

तुम्ही त्या दिवशी चुलीवरची भाजी उतरवून माझ्यामागे आलात. "सुमे, सगळं ने. भांडे ने, म्हैस ने, मी काही मननार नाई. पन लवनीत घर नोको बांधू." मी काय बोलले, आठवतं तुम्हाला? तुम्हाला नाही आठवलं तरी मला आठवतं. म्हटलं, "तुमच्या घरात मी मोलकरीण म्हणून राहावं असं वाटते ना तुम्हाला? माझं घर झालेलं पाहवत नाही." तुम्ही हात जोडलेत. थोरल्या जावेनं धाकटीपुढे हात जोडले आणि मी तोंड फिरवून सामान बांधत बसले. मग दोन वर्षं आपण बोललो नाही. एका विहिरीवर पाणी भरलं, एका बाजारात बसलो, आणि तोंडातून शब्द नाही.

आत्ता उठून झिरा पाहून आले. नितळ आहे. म्हशी तेवढ्या वर चढून बसल्या आहेत. ऊन तापलं, म्हणून असेल.

तिसऱ्या वर्षी मी आदिलाबादला वांगी घेऊन गेले. माझ्या शेजारी एक म्हातारी तेलगू बाई पालेभाजी घेऊन बसते, ती त्या दिवशी उशिरा आली. लुगडं मांड्यांपर्यंत ओलं. मी खुणेनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "वागु वच्चिंदि." वागु आला. मी घाबरून उभी राहिले. म्हटलं, वाघ? कुठं? रस्त्यावर? तिला कळेना मी एवढी का भ्याले. मग तिनं हात लांब करून, बोटं हलवत, डावीकडून उजवीकडे नेला. पाणी. मग गुडघ्याला हात लावला, मग कंबरेला. मग हसली आणि म्हणाली, वागु.

बाई, त्या बाजारात माझ्या तोंडचं पाणी पळालं. वांग्याची टोपली कोणी उचलून नेली असती तरी मला कळलं नसतं. साहेबांनी विचारलं होतं, इथं लवन आहे का? आणि मी म्हटलं होतं, नाही. कधीच नाही. वर सही. उर्दूतल्या नकाशात ती असेलच, तो वाचणारा कोणी राहिला नाही. साहेबांची तेलगू, माझी मराठी, आणि या सगळ्यांच्या मधून लवन कागदावरून निघून गेली. जमिनीवरून गेली नाही. त्या जमिनीवर आता चौदा घरं होती, आणि चौदा घरांत किती पोरं, त्यात माझी दोन.

घरी येताना ठरवलं की तुम्हाला सांगायचं. फाट्यावर उतरले, तर तुम्ही बांधावर दगडावर बसलेल्या. दक्षिणेकडे पाहत. मी जवळ आले, थांबले. म्हटलं, "काय पाहून राहिल्या?" दोन वर्षांनी धड काढलेला पहिला शब्द. तुम्ही म्हणालात, "आभाळ." बास. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाव माझ्या दारात आलं असतं. सहीवाली बाई. शहाणी. मी गिळून बसले. पण त्या दिवसापासून बोलू लागलो आपण. तुम्हाला वाटलं असेल माझा राग गेला. राग नव्हता गेला बाई, मला भीती वाटत होती आणि तुमच्याजवळ आलं की ती कमी व्हायची.

मग दर पावसाळ्यात तुम्ही आणि हा दगड. पोथीला बसावं तशा नेमानं यायच्या. आधी झिरा पाहायच्या, मग डोंगर, मग कॉलनीतली पोरं कुठं खेळतात ते. पोरं पाठीमागून ओरडायची, "आली का लवन, गिरजाआजी?" तुम्ही मान हलवायच्या, आज नाही. मोटारसायकलवरून जाणारे थांबून थट्टा करायचे. कॉलनीतल्या घरांच्या भिंती पावसाळ्यात कंबरेपर्यंत ओल्या व्हायच्या, चूल पेटायची नाही, जमिनीतून गांडुळं निघायची. लोक म्हणायचे, सिमेंट चांगलं नाही. पाणी कुठं मुरतं ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मला.

आणि तो मागच्या श्रावणातला दिवस. तो लिहिल्याशिवाय मला उठता येणार नाही.

लख्ख ऊन होतं. तुम्ही धावत कॉलनीत आलात, पदर खांद्यावर नाही, उजवा डोळा हातानं दाबलेला. "निघा. डोया लवून राह्यला माया. वर काळं झालं. लेकरं काढा." कोणी हलेना. तुम्ही घरोघरी शिरून पोरं ओढून काढलीत. माझ्या धाकट्याला ताप होता, त्याला गोधडीसकट उचललंत आणि शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवलंत. वीसेक पोरं, त्यांच्या मागं शिव्या देत आया. सगळे लवनीकडे पाहत बसलो. तास झाला. दोन झाले. लवनीत बोटभर गढूळ पाणी आलं, बगळे उतरले, आणि तेही ओसरलं. लोक हसले. असे हसले की तुम्ही ओट्याच्या खांबाला टेकून खाली बसलात.

आणि मी सगळ्यांपुढे बोलले, "पुरे आता तुमचं येड. तुमच्या डोळ्यापायी माझ्या लेकराचा ताप वाढला." मला माहीत होतं, बाई. त्या ओट्यावर तुमच्याशिवाय ज्या एकीला सगळं माहीत होतं, ती मी होते. तुमच्या बाजूनं उभी राहिले असते तर कोणीतरी विचारलं असतं, तुला काय ठाऊक? म्हणून मी सगळ्यांहून मोठ्यानं हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग नव्हता. त्याचंच वाईट वाटतं. नुसतं म्हणालात, "ताप उतरन वं. लेकरू वर हाय ना."

यंदा तुम्हाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. झाडपाला झाला, आदिलाबादचा दवाखाना झाला, मग घरी आणलं. मी पायाशी बसायची. रोज ठरवायची, आज सांगते. रोज कोणीतरी भेटायला आलेलं असायचं, आणि नसलं तरी मी चहा ठेवायला उठायची. शेवटच्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, "झिरा पाह्यत जाजो." मी म्हटलं, पाहीन. एवढंच झालं आपलं.

दहाव्याला सगळं आटोपल्यावर तुमचे मालक माझ्याजवळ आले. बाई, ते माझे भासरे. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नाहीत, मी त्यांच्यासमोर पदर खाली केलेला नाही. काही हवं असलं तर दाराला सांगायचे. ते समोर उभे राहिले, जमिनीकडे पाहत, आणि म्हणाले, "ते मंडलात गेली होती."

मला कळेना. मग हळूहळू सांगितलं. मी नक्कल करून हसवलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मिरच्या विकायच्या आहेत म्हणून तुम्ही निघालात आणि मंडलात जाऊन साहेबांपुढे उभ्या राहिलात. तुम्हाला बाजारची तेलगू येत होती. वागु म्हणजे काय, हे तुम्हाला तांब्या तोंडाला लावतानाच कळलं होतं. तुम्ही साहेबांना सांगितलंत, वागु आहे तिथं, लिहिलेलं चूक आहे. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, मग जिनं सही केली तिला घेऊन या, ती चुकलं म्हणेल, मी जागा बदलतो. पण गावाला कळेल की तिच्यामुळे जागा गेली. दुसरी जागा कधी मिळेल, मिळेल का, सांगता येत नाही.

"वापस आली," भासरे म्हणाले. "मले मने, नवी पोरगी हाय. उद्या गावाची जागा गेली तं लोकं तिले जगू देनार नाई. मी म्हटलं, अन् पानी आलं तं? ते मने, मी पाह्यतो ना पान्याकडं. मी हाय तोपर्यंत पाह्यतो." मग "गेली आता," म्हणाले, आणि बैल गेलेल्या काठाकडे चालू लागले.

तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हात जोडलेत तेव्हा ठाऊक होतं, ओट्यावर मी तुम्हाला येडी म्हटलं तेव्हाही. इतकी वर्षं तुम्ही या दगडावर माझ्या सहीची राखण केलीत आणि मी समजत होते की मी तुमच्यापासून लपवून राहिले आहे. मला तुमचा राग येतो, बाई. खरंच येतो. एक कानाखाली मारायची होतीत, हाताला धरून मंडलात न्यायचं होतंत. गाव थुंकलं असतं, थुंकू द्यायचं होतं. माझी अब्रू राखायला तुम्ही चौदा घरं पाण्यावर ठेवलीत, आणि बुडू नयेत म्हणून स्वतः ऊन-पावसात बसलात. हे चूक होतं. तुमचंही चूक होतं. आता कोणाशी भांडू हे? आणि त्याच तोंडानं सांगते, माझ्यासाठी एवढं कोणी केलं नाही, माहेरीसुद्धा नाही.

काल तेरवीच्या पंगतीत मी सांगितलं. सगळं. वाढता वाढता वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं, साहेबांनी वाघ नाही, लवन विचारली होती आणि मी नाही म्हटलं. मला वाटलं होतं दगड पडतील. पडलं हसू. वाघ, म्हणे वाघ. एकानं तर लेदु लेदु म्हणून दाखवलं. फक्त शेजारची शेवंता जेवायची थांबली. तिचं दोन महिन्यांचं बाळ आहे. ती म्हणाली, "हसनं ठीक हाय. पन आता आमी काय कराव, सुमनबाई? घर काही डोक्यावर उचलून नेता येते का?" म्हटलं, सोमवारी मंडलात जाते. मास्तरांकडून तेलगूत दोन शब्द लिहून घेतले आहेत, वागु उंदि. आहे. मी चुकले, असं खाली मराठीत लिहून सही करीन. तोपर्यंत मी बांधावर बसते. ती म्हणाली, "गिरजाबाईसारखी?" आणि पुन्हा जेवू लागली.

आज गुरुवार आहे.

म्हशी केव्हाच घराकडे निघून गेल्या, कोणी न हाकता. ऊन तसंच आहे. डोंगर मघाशी निळा दिसत होता, आता दिसत नाही, तिथं नुसतं काळं आहे. शाळा अजून सुटायची आहे, ते बरं. पण शेवंताचं बाळ घरी आहे, आणि म्हातारी माणसं.

डोळ्याचं विचाराल तर तो सकाळपासून लवतो आहे. मी तो धरला नाही. जागरणानं होतं, तेरवीची दगदग झाली, असं म्हणत बसले. मी पुस्तकवाली ना. पण आत्ता उठून झिऱ्याशी गेले तर तळाचे खडे दिसले नाहीत. हात घातला, बोटं दिसली नाहीत.

वही इथंच ठेवते, दगडाखाली. माझ्यावर हसतील. हसू देत. बाई, लवन म्हणजे मीठ नव्हे, तुमचं खरं. मी जाते, लेकरं काढते.